उसना दिवस

ड्रायव्हरला हुकूम सोडायचा नसतो. त्याच्यासमोर जाऊन गप्प उभं राहायचं असतं. ही विद्या मला कुणी शिकवली नाही. मी ती आपली आपण कमावली आणि काही वर्षं तिच्या जोरावर वरिष्ठांची शाबासकीही मिळवली. हैदराबाद संस्थान भारतात आल्यानंतरच्या काळात, बीदरकडच्या एका तालुक्याच्या गावी मी सरकारी मोटारखात्यात ड्युटी लावणारा कारकून होतो. गावाचं नाव लिहीत नाही. ज्यांच्याविषयी सांगायचं आहे त्यांचे भाऊबंद तिथं अजून आहेत.

या दिवाळी अंकाच्या संपादकांनी गमती मागितल्या आहेत. गमती पुष्कळ होत्या, त्या येतीलच. याआधीही मी त्या लिहायला घेतल्या होत्या, पण एका ठिकाणी येऊन पेन थांबायचं आणि मी कागद बाजूला ठेवायचो. आता सत्तरी ओलांडली. त्या ठिकाणापाशी थांबून राहायला फारसा वेळ उरलेला नाही.

आधी काम काय होतं ते सांगतो. स्टँडवर पत्र्याची एक खोली आणि तिच्या भिंतीवर काळा फळा. उद्या कोणती गाडी कोण नेणार हे मी रोज संध्याकाळी खडूनं त्या फळ्यावर लिहायचो. बीदर, उदगीर, हुमनाबाद, गुलबर्गा. गावापुढं ड्रायव्हरचं नाव, त्याच्यापुढं कंडक्टरचं. सगळे येऊन फळा बघायचे, कुणी कुरकुरायचं, कुणी हसायचं, आणि दुसऱ्या दिवशी मी तो ओल्या फडक्यानं पुसून टाकायचो. एवढंच काम. गाड्या जितक्या तितके ड्रायव्हर असले तर लहान पोरही करील.

आमच्याकडं तितके नव्हते. पोलीस ॲक्शनच्या आधी आमच्या स्टँडवरचे बहुतेक ड्रायव्हर मुसलमान होते. नंतर त्यांतले पुष्कळसे कामावर आलेच नाहीत. काही हैदराबादला गेले, काहींना खात्यानं कमी केलं, काहींचं काय झालं ते आम्ही विचारलं नाही. गाड्या मात्र तेवढ्याच राहिल्या, उलट फेऱ्या वाढल्या. लोकांना कचेरीत जायचं होतं, कोर्टात जायचं होतं, पोरांना नव्या शाळेत घालायचं होतं. वरून हुकूम यायचे, आधी उर्दूत यायचे ते आता इंग्रजीत येऊ लागले होते, पण सांगणं एकच: फेरी रद्द होता कामा नये. जादा माणसं मागितली की उत्तर यायचं, तुमच्या सगळ्या गाड्या वेळेवर सुटत आहेत, मग माणसं कशाला हवीत?

गाड्या खरोखरच सुटत होत्या. त्या कशावर सुटतात हे वरच्यांना ठाऊक नव्हतं. त्या उसनवारीवर सुटत होत्या.

घरातली साखर संपली की शेजारून वाटीभर उसनी आणतात, तशी आमच्याकडं ड्युटी उसनी मिळायची. मार्गशीर्षातल्या अमावास्येला आमच्या भागात येळवस असते. त्या दिवशी सगळं घर शेतात जाऊन जेवतं, गावात चिटपाखरू राहत नाही. येळवशीला ज्याला शेतात जायचं असेल तो एखाद्या मुसलमान ड्रायव्हरला म्हणायचा, "अण्णा, उद्याचा दिवस उसना दे." तो देई. पुढं ईदला हा त्याची गाडी नेई. निजामाच्या अमलापासून चालत आलेली रीत होती. हिची नोंद कुठंच नव्हती. कुणाचा दिवस कुणाकडं आहे हे सगळ्यांना तोंडपाठ असायचं, आणि वाद झालाच तर बाबूला विचारायचं. बाबू म्हणजे मी.

आमचा शिवलिंगप्पा या उसनवारीतला मोठा गिऱ्हाईक. जवान ड्रायव्हर, घरी कानडी, पण मराठी आमच्यापेक्षा झणझणीत. दर सणाला त्याचा एक काका मरायचा.

"बाबू, काका वारला."

"मागच्या येळवशीला वारला तोच का?"

"त्यो थोरला. ह्यो मधला."

"अजून किती काका शिल्लक आहेत रे?"

"आज्जानं दोन लग्नं केल्ती बाबू. तुमी कामून काळजी करायलाव?"

बाहेरच्या माणसाला वाटेल, असल्या कारभारात गाड्या वेळेवर कशा निघत असतील. निघायच्या, पण वाटेत थांबायच्याही. आमच्या भागात गाडी घड्याळासाठी धावत नव्हती, माणसासाठी थांबत होती. गावात एक सावकार होते, ते गुलबर्ग्याला निघायचे झाले की आधी गड्याबरोबर आपला पटका पाठवायचे. गडी तो पटका पुढच्या सीटवर नीट बसवायचा आणि निघून जायचा. मग सावकारांचं स्नान, पूजा, न्याहारी होईपर्यंत गाडी उभी. एखादा नवखा उतारू चिडून म्हणायचा, "अहो, सोडा की गाडी!" तर मागून दहा जण ओरडायचे, "अरे, पटका बसलाय दिसत न्हाई का?"

आणि त्या दिवसांतली खरी गंमत म्हणून मी जी वर्षानुवर्षं सांगत आलो ती ही. जत्रेचा हंगाम होता, जादा गाड्या लावल्या होत्या. शिवलिंगप्पा रोज जाऊन येत होता, पाठ टेकायला उसंत नव्हती. भर दुपारी त्यानं गाडी रस्त्याच्या कडेला एका लिंबाखाली उभी केली, रेडिएटरला पाणी घालतो म्हणून उतरला, डबा हातात घेऊन झाडाच्या बुंध्याला टेकला आणि तसाच झोपला. उतारूंनी काय करावं? कुणी उठवलं नाही. सगळे उतरून सावलीत बसले. बायकांनी भाकरी सोडल्या. एक म्हातारा त्याच्या तोंडावरच्या माशा पंच्यानं हाकत बसला. ऊन कललं तेव्हा शिवलिंगप्पा जागा झाला आणि म्हणाला, "कोन उतरायलंय हितं?"

ही हकिगत ऐकून लोक पोट धरून हसत. मीही हसत असे. तो माणूस चालत्या गाडीत स्टिअरिंगवर झोपला असता तर, हा विचार तेव्हा माझ्या मनात आला नाही असं नाही. आला होता. त्याच संध्याकाळी मी फळ्यावर पुन्हा त्याचं नाव लिहिलं.

आता गप्प उभं राहायची विद्या. थकून आलेल्या माणसाला "उद्या पहाटे पुन्हा जा" असा हुकूम केला की तो भांडतो, कायदा सांगतो, आणि कायदा त्याच्या बाजूनं असतो. म्हणून हुकूम करायचा नाही. तो हातपाय धुऊन बाकावर बसला की आपण जाऊन समोर उभं राहायचं. खडू हातात ठेवायचा. "उदगीरची गाडी आहे," एवढंच म्हणायचं आणि गप्प बसायचं. थोड्या वेळानं त्यालाच ती शांतता सोसवत नाही. तो म्हणतो, "लिवा माझं नाव." मग ती आपली जबरदस्ती राहत नाही, त्याचा चांगुलपणा होतो. आपण फक्त "बरं" म्हणायचं.

या विद्येला सगळ्यांत जास्त वेळा बळी पडले ते मौलासाब.

मौलासाब आमच्यातले सगळ्यांत जुने ड्रायव्हर. उंच, जरा पोक आलेले, उन्हाळ्यातसुद्धा खाकी कोट. गाडीला हँडल मारण्याआधी बॉनेटवर हात ठेवून "चल गे माँ" म्हणायचे, आणि गाडी चालायची. जुन्या मुसलमान ड्रायव्हरांतले आमच्याकडं उरले होते ते एवढेच. त्यामुळं उसनवारीचा तोल पार बिघडला होता. ईद एकट्या मौलासाबची. दिवाळी, संक्रांत, येळवस, बसवजयंती बाकी सगळ्यांची. प्रत्येक सणाला सगळे त्यांच्याकडं धावायचे आणि ते कुणाला नाही म्हणत नसत. त्यांचे दिवस सगळ्यांकडं थकले होते, कुणाकडून किती येणं आहे हे विचारायचंसुद्धा त्यांनी सोडून दिलं होतं.

ते नाही का म्हणत नव्हते? स्वभाव भला होता, हे खरं. पण तेवढंच खरं नाही. त्या वर्षांत त्यांच्यासारख्या माणसाला "न्हाई" म्हणणं परवडण्याजोगं नव्हतं. नोकरी कोणत्या शब्दावर जाईल याचा नेम नव्हता. हे त्यांना ठाऊक होतं, आणि हे त्यांना ठाऊक आहे हे मलाही ठाऊक होतं. मी त्यांच्यासमोर गप्प उभा राहायचो तेव्हा माझ्याबरोबर हेही उभं असायचं.

एकदा दसऱ्याच्या सुमाराला मौलासाब आपण होऊन खोलीत आले.

"बाबू, एक दिवस पायजे."

"घ्या की. कोणता?"

"धनतेरशीचा."

मी फळ्याकडं बघितलं. दिवाळीच्या तोंडावर सगळेच घरी पळतात. मौलासाब म्हणाले, "दिवाळीचा हाय, ठावं हाय. पर आजवर कवा मागितला व्हता का?"

मग त्यांनी कारण सांगितलं. त्यांना एकच मुलगा, यूसुफ. तो संस्थानच्या फौजेत होता. फौज मोडली आणि तो घरी बसला. पुष्कळ खटपट करूनही कुठं काम लागेना. त्याचा एक मामा कराचीत होता, त्यानं बोलावून घेतलं. जायचं परमिट मिळालं, मुंबईहून बोट ठरली. धनत्रयोदशीला दुपारच्या गाडीनं तो गुलबर्ग्याहून मुंबईला निघणार होता. आई त्याला घेऊन आधीच गुलबर्ग्याला आपल्या भावाकडं गेली होती.

"मुदत हाय परमिटाला, मागं-पुढं करता येत न्हाई," मौलासाब म्हणाले. "परत कवा दिसंल काय म्हाईत. स्टेशनवर एक डाव गळ्याला लागतो, बस."

मी म्हणालो, "मौलासाब, तुमचे तर सगळ्यांकडं दिवस आहेत. हा दिवस तुमचा. दिला."

ते समाधानानं गेले. मी खरोखर द्यायचा ठरवला होता, हे लिहून ठेवतो.

दिवाळी जवळ आली आणि एका ड्रायव्हरला हिवताप भरला. दुसरा बीदरला अडकला. शिवलिंगप्पा केव्हाच गावी गेला होता, या खेपेला कोणता काका मारला ते आठवत नाही. धनत्रयोदशीच्या आदल्या संध्याकाळी गुलबर्ग्याच्या गाडीपुढं लिहायला माझ्याकडं नाव नव्हतं. गाडी रद्द केली असती तर? कळवायचं, ड्रायव्हर नाही म्हणून फेरी रद्द. एका ओळीचं काम. पण आमच्या स्टँडवर आजवर फेरी रद्द झाली नव्हती, त्याचा मला अभिमान होता. आणि दुसरी गोष्ट अशी की त्या गाडीनं मला स्वतःला जायचं होतं.

माझे आईवडील गुलबर्ग्याला होते. माझी पत्नी सुधा बाळंतपणासाठी हुलसूरला माहेरी गेली होती. मुलीची पहिली दिवाळी, म्हणून ती हुलसूरच्या फाट्यावर आमची गाडी धरणार आणि आम्ही तिघं मिळून गुलबर्ग्याला जाणार असं ठरलं होतं. दुसऱ्या पहाटे बाळाचं पहिलं अभ्यंगस्नान आजीच्या हातून व्हायचं होतं.

मौलासाब बाकावर चहा पीत होते. मी समोर जाऊन उभा राहिलो. खडू हातात होता. "गुलबर्ग्याची गाडी आहे," मी म्हणालो.

त्यांनी वर बघितलं. मी गप्प.

"बाबू, उद्या माझा दिवस हाय ना?"

तेव्हा मी माझी युक्ती सांगितली. त्या वेळी ती मला फार हुशारीची वाटली होती. "मौलासाब, तुम्हाला गुलबर्ग्यालाच जायचंय. गाडीही तिकडंच जातेय. तुम्हीच न्या. रेल्वे दुपारची, आपण त्याच्या कितीतरी आधी पोचतो. सावकाश स्टेशनवर जा, लेकाला भेटा, आणि परतीची गाडी घेऊन या. दोन्ही कामं होतात."

त्यांनी कप खाली ठेवला. "गाडी येळंवर पोचंल?"

"तुमच्याच हातात आहे की."

बाकीचे हसले. मौलासाबही हसले. "लिवा मंग," म्हणाले.

"आणि फाट्यावर माझी माणसं आहेत, बाळ आहे, त्यांना घ्यायचंय."

"घिऊ की. आपल्याच घरची हायती."

सकाळी गाडी भरून निघाली. टपावर फराळाचे डबे, गाठोडी, फटाक्यांची एक पेटी. मी पुढं, ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटवर. मौलासाबनी कोट धुऊन घातला होता. वाटेत एकदाच म्हणाले, "यूसुफला ल्हानपनी हितंच बसवायचो, तुमी बसलाव तितं."

हुलसूरचा फाटा आला. फाट्यावर कुणी नव्हतं.

मौलासाबनी गाडी कडेला घेतली. हुलसूरकडं जाणारी गाडीवाट लांबवर दिसत होती, तिच्यावर धूळसुद्धा उठत नव्हती. मागून कुणी विचारलं, "कोन यायचंय?" कंडक्टर म्हणाला, "बाबूच्या घरची." "मंग थांबा की, घाई काय हाय?" आमच्याकडचे उतारू असेच. सगळे उतरले, पाय मोकळे करायला लागले. दोन विड्या ओढून होतील इतका वेळ गेला, मग आणखी गेला. एक व्यापारी कुरकुरू लागला, गुलबर्ग्यात त्याला तुरीचा भाव विचारायचा होता. कंडक्टर शिट्टी तोंडात धरून माझ्याकडं बघत होता.

मौलासाबनी रेडिएटर उघडला, पाणी घातलं, बंद केला. काच पुसली. पुन्हा पुसली. सूर्याकडं बघितलं. मग माझ्या खिडकीशी आले.

"बाबू, तुमीच ड्युटीबाबू. सांगा. थांबू का निघू?"

इथंच माझं पेन थांबायचं.

मला "निघा" म्हणता आलं असतं. सुधाबरोबर तिचे वडील होते, बैलगाडी होती, हुलसूर काही परदेश नव्हता. फाट्यावर गाडी दिसली नसती तर ती घरी परतली असती. बाळाचं पहिलं न्हाणं आजोळी झालं असतं, माझी आई दोन दिवस रुसली असती. माझ्या बाजूला एवढंच होतं. त्यांच्या बाजूला काय होतं ते वर लिहिलं आहे. हा हिशेब मला आज म्हातारपणी सुचलेला नाही. तो तेव्हाही, त्या खिडकीत बसल्या बसल्या, स्पष्ट दिसत होता.

मला "थांबा" असंही म्हणता आलं असतं. तो निदान माझा हुकूम झाला असता, त्याचं पाप माझ्या नावावर राहिलं असतं. मी तेही म्हणालो नाही. मी रस्त्याकडं बघत गप्प बसलो.

मौलासाब माझ्या तोंडाकडं बघत राहिले. ही शांतता त्यांच्या ओळखीची होती.

"बरं," ते म्हणाले, आणि जाऊन फूटबोर्डावर बसले.

कल्याणीकडून एक गाडीवान आला, गाडी का उभी आहे ते त्यानं विचारलं, बैलांना पाणी पाजलं आणि गेला. दुसरं काही घडलं नाही. मग पुष्कळ वेळानं धूळ दिसली. बैलगाडी आली. सासरे उतरले, मागून सुधा, छातीशी बाळ, तोंडावर हसू. म्हणाली, "फार वेळ झाला का हो? आई ऐकेचना. राहुकाळ संपेपर्यंत बाळाला उंबरा ओलांडू देत नाही म्हणाली."

आमच्या भागात राहुकाळ पाळतात. त्या वेळात कुणी शुभ कामाला बाहेर पडत नाही, तान्ह्या बाळाला तर काढतच नाहीत. गाडी सकाळी कधी निघते, फाट्यावर कधी येते हे मी कळवलं होतं, पण राहुकाळाची वेळ वारागणिक बदलते, वार कोणता हे बघायचं मला सुचलं नव्हतं. आणि गाडी आपल्यासाठी थांबेलच याची त्यांना खात्री होती. जावई ड्युटीबाबू होता ना.

मौलासाब फूटबोर्डावरून उठले. बाळाचा लाकडी पाळणा त्यांनी स्वतः टपावर चढवला, दोरीनं बांधला. "बसा अक्का, सावकाश," म्हणाले.

गाडी निघाली तेव्हा मी हळूच म्हणालो, "मौलासाब, जरा दामटा."

"गाडीत बाळ हाय बाबू."

त्यांनी गाडी नेहमीसारखीच नेली. उतारावर आवरून, खड्ड्यात हळू. मला वाटत होतं त्यांनी चिडावं, गाडी पळवावी, मला दोन शब्द बोलावेत. सुधा मागून माहेरच्या गोष्टी सांगत होती आणि मी हं हं म्हणत होतो.

गुलबर्ग्याच्या स्टँडवर आम्ही पोचलो तेव्हा स्टेशनकडून टांगे भरभरून येत होते. गुलबर्ग्यात राहिलेल्या माणसाला याचा अर्थ सांगावा लागत नाही. मौलासाब खाली उतरले आणि पहिल्याच टांगेवाल्याला त्यांनी विचारलं, "मुंबईकी गई क्या?"

"कवाच गई चाचा."

मौलासाब तिथंच उभे राहिले. सुधाला यातलं काही माहीत नव्हतं. ती बाळाला खांद्यावर घेऊन उतरली, पिशवीतून एक पुडी काढली आणि त्यांच्यापुढं धरली. "तुम्ही आमच्यासाठी इतकं थांबलात. तुमच्या घरी मुलं कोण आहेत?"

"एक लेक हाय, अक्का."

"त्याला द्या. माझ्या आईच्या हातच्या करंज्या आहेत."

त्यांनी दोन्ही हातांनी पुडी घेतली आणि कपाळाला लावली. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "परतीची गाडी कवा सोडू, बाबू?" त्यांना वेळ माझ्याइतकीच पाठ होती. मी सांगितली. मग आम्ही टांगा केला आणि घरी गेलो. दुसऱ्या पहाटे बाळाचं न्हाणं झालं. परतीची गाडी वेळेवर पोचल्याचं मला नंतर कळलं.

उरलेलं शिवलिंगप्पानं सांगितलं. त्यानं मौलासाबच्या मेहुण्याकडून ऐकलं होतं. "पोरगं डब्याच्या दारात उभं व्हतं म्हनं बाबू. गाडी हालली तरी आत जाईना. बाप टांग्यातून पळत यील, म्हनून." मग त्यानं विचारलं, "त्या दिवशी गाडीला उशीर कामून झाला?"

मी म्हणालो, "वाटेत टायर बसलं." स्टँडवर शेवटपर्यंत हेच चाललं. मौलासाबनीही ते कधी खोडलं नाही.

भाऊबीज झाल्यावर मी कामावर गेलो. संध्याकाळी खडू घेऊन मौलासाबसमोर उभा राहिलो. "उदगीरची गाडी आहे," म्हणालो आणि गप्प बसलो. तेही गप्प बसले. बाकावरचे सगळे बघत होते. मी थांबलो, ते थांबले. शेवटी खाली मी बघितलं.

"बाबू," ते शांतपणे म्हणाले, "आजपासून उसनं बंद. देनं न्हाई, घेनं न्हाई. सगळ्यांकडचं माझं फिटलं म्हना. कायद्यात जेवडी बसती तेवडी ड्युटी लावा, तेवडी करतो."

त्यांनी सोडल्यावर उसनवारी राहिलीच नाही, ती सगळी त्यांच्यावरच उभी होती. शिवलिंगप्पा म्हणाला, मग मीही कायद्यानं. त्या आठवड्यात आमच्या स्टँडवरून पहिल्यांदा फेऱ्या रद्द झाल्या. लोक ओरडले, सावकारांचा पटका गाडीत बसून परत घरी गेला. विभागाचे साहेब जीप घेऊन धावत आले. मी सगळं सांगितल्यावर त्यांनी विचारलं, "इतकी वर्षं मग चालवलंत कसं?" मी उसनवारीची रीत सांगितली. ते म्हणाले, "अहो, हे आम्हाला कसं कळणार? आम्हाला गाड्या सुटलेल्या दिसत होत्या."

संक्रांतीच्या आत नवे ड्रायव्हर आले. जे अशक्य म्हणून मी माणसं पिळत होतो ते चार फेऱ्या रद्द होताच झालं. माझ्या हुशारीनं मी खात्याचं काम वाचवत नव्हतो, खात्याची तूट झाकत होतो. आणि झाकायला पांघरूण मौलासाबचं वापरत होतो. त्या धनत्रयोदशीला एक फेरी रद्द केली असती तर हेच सगळं तेव्हाच झालं असतं, आणि एक बाप स्टेशनवर उभा राहिला असता.

त्यानंतर आम्ही बरीच वर्षं एकत्र काम केलं. माझ्याशी ते कधी वाकडं बोलले नाहीत, याचाच मला त्रास व्हायचा. एकदा धीर करून मी म्हणालो, "मौलासाब, तुमचा एक दिवस माझ्याकडं आहे."

ते बॉनेट पुसत होते. "ऱ्हाऊ द्या बाबू. त्यो दिवस आता परत देता येतो व्हय?"

हैदराबाद राज्य मोडलं, जिल्हे तीन राज्यांत वाटले गेले, त्याच सुमाराला ते निवृत्त झाले. आम्ही म्हैसूर राज्यात गेलो. माझी बदली झाली. ते वारल्याचं मला उशिरा कळलं. यूसुफची पत्रं येत राहिली होती, तो आला नाही.

आता घरातलं. सुधाला ही हकिगत माहीत नाही. तिच्याजवळ वेगळी हकिगत आहे, आणि दर दिवाळीला पणत्या लावताना ती नातवंडांना सांगते. कसा फाटा, कसा राहुकाळ, भरली गाडी तासन् तास कशी उभी राहिली, ड्रायव्हर किती भला, पाळणा स्वतः कसा चढवला. शेवटी माझ्याकडं बोट करून म्हणते, "यांनी शब्द टाकला म्हणून गाडी थांबली." नातवंडं माझ्याकडं कौतुकानं बघतात. आमची थोरली, जी त्या दिवशी बाळ होती, तीही बघते. आणि मी दर दिवाळीला गप्प बसतो.

मी शब्द टाकला नव्हता, सुधा. समोरासमोर सांगायला जमलं नाही म्हणून इथं लिहितो आहे.

हा अंक घरी येईल. तू आधी पाककृती वाचतेस, मग माझं नाव बघून हे पान काढशील. मी बाहेर झोपाळ्यावर असेन, आतल्या आवाजाकडं कान लावून. तू रागावशील, रडशील, मला काही सांगता येत नाही. पण एक प्रश्न तू नक्की विचारशील, कारण तो मी इतकी वर्षं स्वतःला विचारतो आहे. त्यांच्या लेकासाठी म्हणून दिलेल्या त्या करंज्यांचं त्यांनी मग काय केलं?

मला माहीत नाही.